लॉक फिरलं पाहिजे

हिवरखेडला बाजाराच्या रस्त्यावर टिनाचं एक शेड आहे. त्याच्यावर पाटी नाही. पाटीची कधी गरजही पडली नाही. थ्रेशर, पंप, रोटाव्हेटर, काहीही बिघडलं की माणसं सरळ तिथं येत आणि दारातूनच हाक मारत, "ओ नत्थुजी, पाहा बरं हिले काय झालं!"

नत्थुजींना डावा डोळा नव्हता. ऐन उमेदीत तो गेला, आणि नेला एका लॉकनं.

लॉक म्हणजे सर्कलिप. ही पोलादी रिंग असते, पण पूर्ण गोल नसते. एका जागी तिचं तोंड उघडं असतं आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना कानासारखे दोन फुगवटे असतात. त्या कानांना बारीक भोकं असतात. भोकांत खास पकडीची टोकं घालायची, रिंग दाबून लहान करायची, यंत्रात कोरलेल्या खाचेपाशी न्यायची आणि सोडायची. ती उसळून पसरते आणि खाचेत शिरून बसते. मग तिच्या मागं असलेला बेअरिंग किंवा कप बाहेर येऊ शकत नाही. नट-बोल्टासारखं तिथं आवळायला काही नसतं.

"चौकीदार हाय ते," नत्थुजी म्हणायचे. "काम काईच दिसत नाई त्याचं. पन एक दिवस नसला का घर लुटलं."

डोळा गेला त्या दिवशी पकडीचं टोक भोकातून निसटलं आणि दाबलेलं लॉक छऱ्यासारखं उडालं. अमरावतीला डॉक्टरांनी तपासून मान हलवली. नत्थुजी आठवड्यानं परत आले, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधूनच शेडमध्ये बसले आणि अर्धवट राहिलेलं तेच लॉक त्यांनी बसवलं. गावात ती गोष्ट अजून सांगतात. कोणी चेष्टा केली, की नत्थुजी, एका डोळ्यानं कसं जमवता, तर ते म्हणत, "नेम धरतानी तू बी एकच उघडा ठेवतं न बे?"

त्यानंतर लॉकच्या बाबतीत त्यांचे काही कायदे ठरले. लॉक बसवताना वरून फडकं धरायचं. एकदा काढलेलं लॉक पुन्हा घालायचं नाही, कारण ताणलेल्या पोलादाचा जोर गेलेला असतो. रिंगेची एक कड थोडी गोल असते आणि एक धारदार; गोल कड आतल्या मालाकडे ठेवायची आणि धार बाहेर, म्हणजे जोर आला तरी ती खाचेच्या भिंतीला धरून राहते. आणि सगळ्यात मोठा कायदा शेवटचा. बसलेलं लॉक फिरलं पाहिजे. त्याच्या कानाला नखानं रेटा दिला की ते खाचेतल्या खाचेत सरकलं पाहिजे. सरकलं म्हणजे ते चारी बाजूंनी तळाला टेकलं. अडलं, तर कुठंतरी काठावर चढून बसलंय, आणि काठावर बसलेल्याचा भरवसा नाही.

"घट्ट बसलं म्हनजे बरं बसलं, असं नट समजते," ते पोरीला शिकवत. "लॉकचं उलटं हाय. घट्ट लॉक खोटं."

पोरीचं नाव दीपमाला. आयटीआयमधून फिटरचा कोर्स करून ती बापाच्याच शेडमध्ये उभी राहिली होती. अंजनगावचं एक स्थळ तिला पाहायला आलं, तेव्हा ती थ्रेशरखाली आडवी पडलेली होती. मुलाची आत्या म्हणाली, "पोट्टी कुठं हाय?" आणि मशिनीखालून आवाज आला, "येते, एक बोल्ट राह्यला." स्थळ परत गेलं. नत्थुजी दोन दिवस हसत होते. त्यांची बायको चतुराबाई मात्र महिनाभर दोघांशी धड बोलली नाही.

त्याच उन्हाळ्यात दीपमालाला एक गोष्ट कळली. बापानं जुळवलेला एक पंप शेवटचं पुसताना तिच्या बोटाला लॉकची कड लागली. जिथं काहीच लागायला नको, तिथं. लॉकचं अर्धं अंग खाचेच्या बाहेर होतं. बाबा चहाला गेल्यावर तिनं ते काढलं, नवं घातलं, फिरवून पाहिलं. मग तिचं लक्ष जायला लागलं. बाबा कपात चहा ओततात तो बशीत पडतो. पाना उचलायला हात लावतात तो त्याच्या शेजारी पडतो. उजव्या डोळ्यावर, त्या एकुलत्या एका डोळ्यावर, दुधावर धरते तशी साय धरत होती.

"अकोल्याले दाखवू एक डाव," ती म्हणाली.

"काहून? डोळा काय मशीन हाय, खोलून पाहाले?"

"बाबा."

"एका डोळ्यानं सारा संसार केला मी. तुले दिसून राह्यलं न मले दिसत नाई ते? मग झालं."

त्या दिवसापासून तिनं रीत घालून घेतली. बाबांनी लॉक बसवलं की हातात पुसायचं फडकं घेऊन ती तिथं जाई, पुसल्यासारखं करी आणि नखानं कान रेटून पाही. फिरलं तर ठीक. अडलं तर पुन्हा बसवी. नत्थुजी तेवढ्यात बिडी ओढायला बाहेर जात. ते कशासाठी जात हे तिला माहीत होतं, ती कशासाठी पुसते हे त्यांना माहीत होतं. घरात एखाद्या आजाराचं नाव घेत नाहीत, तसं त्या फडक्याचं नाव दोघांनी कधी घेतलं नाही.

असा पावसाळा गेला आणि खांडेनवमी आली.

नवमीला नत्थुजी हत्याराला हात लावत नसत. त्यांचे वडील फुलमळा करणारे. ते या दिवशी विळा, खुरपं, कुदळ धुऊन ओळीनं मांडत आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत उचलत नसत. पोरानं माती सोडून लोखंड धरलं, पण रीत सोडली नाही. शेडमध्ये लाल कापड अंथरलं होतं. त्यावर पाने, हातोड्या, छिन्न्या आणि मधोमध लॉकची पक्कड, सगळ्यांवर हळदीकुंकू आणि भावाच्या मळ्यातला झेंडू. टेबलाला ठोकलेल्या, लोखंड आवळून धरणाऱ्या वाईसच्या गळ्यात माळ. रस्त्यापलीकडे देवीच्या मंडळाचा भोंगा सकाळपासून वाजत होता.

दीपमाला पहिल्या बसनं अकोल्याला गेली होती. दसऱ्याला स्पेअरची दुकानं बंद राहतील आणि सोयाबीनची मळणी तर ऐन भरात, म्हणून. चतुराबाई देवीची ओटी भरायला गेली होती. शेडमध्ये नत्थुजी एकटेच बसले होते.

तेवढ्यात सुगत आला. मोटरसायकलवर आडवा टाकलेला शाफ्ट त्यानं खांद्यावर घेतला आणि आत आणून ठेवला.

सुगतकडे स्वतःचं थ्रेशर होतं. जुनं घेतलेलं, आणि नत्थुजींनीच नट नट मोजून उभं केलेलं. हंगामात तो ते शेतोशेती फिरवी. ट्रॅक्टरची ताकद थ्रेशरपर्यंत नेतो तो हा शाफ्ट. त्याच्या सांध्यात अधिकाच्या चिन्हासारखा एक क्रॉस असतो, क्रॉसच्या चारी टोकांवर चार कप, आणि प्रत्येक कप बाहेर येऊ नये म्हणून एकेक लॉक. त्यातलं एक उडालं होतं. कप बाहेर सरकून लोंबत होता.

"काका, एकच लॉक हाय. वावरात कुठं उडालं तं भेटूनच नाई राह्यलं."

"नवमी हाय आज, राजा."

"मायीत हाय न मले."

"मग उद्या ये."

"उद्या मी नागपूरले, दीक्षाभूमीवर. माय कालपासून भाकरी बांधून बसली. आन् तिकडं पंजाबरावचं सोयाबीन अर्धं पडलं हाय, आभाय भरून आलं. त्याचं उरकलं का संध्याकायच्या गाडीनं निघतो आमी." सुगतनं हात जोडले, अर्धे थट्टेत, अर्धे खरे. "एक लॉक, काका. तुमचं तं डोये मिटून होते."

नत्थुजी हसले. नाही म्हणणं सोपं होतं. कोणी वाईट मानलं नसतं; सुगतनंही नाही. पण आज शेडमध्ये फडकं घेऊन मागं येणारं कोणी नव्हतं. कितीतरी दिवसांनी एक काम त्यांच्या एकट्याचं असणार होतं. आणि ही गोष्ट त्यांना गोड वाटली.

"हत्यार नाई उचलत मी," ते उठत म्हणाले. "पन काम होते."

ते मागच्या घरात गेले आणि चतुराबाईच्या स्वयंपाकातून वरवंटा आणि सांडशी घेऊन आले. सुगतला हसू फुटलं. "काका, आता चटनी वाटता का भाजी उतरवता?"

"चूप बैस. देवालेबी राजी ठेवतो आन् तुलेबी."

खिळ्याला तारेत ओवलेली नवी लॉकं टांगली होती. ती काही हत्यारं नव्हेत. त्यातलं मापाचं त्यांनी बोटानंच ओळखलं. मग शाफ्ट मांडीवर घेतला आणि कप आत ठोकला, वरवंट्यानं.

कपाच्या आत, भिंतीला लागून, सुईएवढे बारीक रोलर उभे असतात. कप बाहेर सरकला की त्यातला एखादा आडवा पडतो आणि कपाला पूर्ण आत जाऊ देत नाही. म्हणून ठोकण्याआधी कप पूर्ण काढायचा, आत ग्रीस भरायचं, सगळ्या सुया उभ्या करायच्या. हे नत्थुजींनीच दीपमालाला शिकवलं होतं. पण कप ओढून काढायला हत्यार लागलं असतं, आणि हत्यारं झेंडूखाली होती. सुया दिसायला डोळा लागला असता. ते ठोकत राहिले. कप गेला, गेला, आणि थांबला. शेवटचा ठोका जसा खणखणीत यायला हवा तसा आला नाही. की आला, आणि भोंग्यात बुडाला? खाचेवरून त्यांनी बोट फिरवलं. एका बाजूला ती नेहमीपेक्षा अरुंद लागली. बोटाला ग्रीस होतं.

सांडशीनं लॉकचे दोन्ही कान चिमटीत धरून त्यांनी दाबलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा जास्त दाबावं लागलं. आत नेलं, सोडलं. ते बसलं.

नत्थुजींनी अंगठ्याचं नख कानाला लावलं आणि रेटलं.

लॉक हललं नाही.

त्यांनी पुन्हा रेटलं. सुगत बाहेर उभा राहून फोनवर आईला सांगत होता, "हो वं, झालंच. तू चपला घालून बैस." भोंग्यावर आरती सुरू झाली होती. आता ते काढायचं म्हटलं तर कप काढावा लागणार, म्हणजे पक्कड उचलावी लागणार, म्हणजे नवमी मोडणार, आणि शिवाय सुगतला सांगावं लागणार, की बसलं नाही. नत्थुजी मिस्त्रीचं लॉक बसलं नाही.

"घट्ट बसलं," ते मोठ्यानं म्हणाले.

"झालं? किती देऊ काका?"

"नवमीचे काय घेऊ? जाय लवकर."

सुगतनं शाफ्ट उचलला. जाताना आतल्या मांडलेल्या हत्यारांकडे पाहून म्हणाला, "उद्याचं सोनं परवा घेऊन येतो. जय भीम, काका."

बातमी दुपारी आली. पंजाबरावच्या शेतात सोयाबीनचं ओलं धांड अडकलं, थ्रेशर कण्हायला लागलं, म्हणून सुगत ट्रॅक्टरचा एक्सिलेटर कमी करायला धावला. तो शाफ्टच्या शेजारून जात असतानाच सांधा फुटला. ट्रॅक्टर शाफ्ट फिरवतच राहिला, आणि सुटलेलं टोक सुगतच्या पायावर आदळत राहिलं, कोणीतरी चावी बंद करेपर्यंत. त्याला जीपमध्ये टाकून अकोल्याला नेलं. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. सुंदराबाई, त्याची आई, नागपूरसाठी बांधलेल्या भाकरीसकट दवाखान्यात बसून होती.

पंचनामा झाला. माल ओला होता, शाफ्टवर आवरण नव्हतं, पोरगा जवळून गेला, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळं खरं होतं. लॉकचं कोणी विचारलं नाही.

फुटलेला शाफ्ट पंजाबरावांनी पोत्यात घालून शेडमध्ये पाठवून दिला. मिस्त्रीकडे आणखी काय पाठवणार? दीपमालानं तो उपसून पाहिला. कप पाहिला. आत आडवी पडून चेपलेली सुई पाहिली. कपाच्या बाहेरच्या ग्रीसमध्ये चिकटलेलं लॉक पाहिलं. ते इतकं दाबलं गेलं होतं की त्याची दोन्ही टोकं एकमेकांवर चढली होती, आणि कानांवर चपट्या दातांचे ओरखडे होते. लॉकच्या पकडीला दात नसतात.

घरात चतुराबाई ओरडत होती, "माही सांडशी कोनं नेली वं?"

दीपमालानं टेबलाखालून सांडशी काढली, धुतली आणि आईला नेऊन दिली. परत येऊन पोत्याचं तोंड बांधलं. नत्थुजी दाराशी बसून हे सगळं, जितकं दिसत होतं तितकं, पाहत होते. तिनं काहीतरी बोलावं म्हणून ते वाट पाहत राहिले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांना उठून उभं राहता आलं असतं.

ते दवाखान्यात गेले नाहीत. सुगत घरी आला तेव्हाही गेले नाहीत. बौद्धवाड्याकडे जाणारा रस्ता शेडसमोरूनच जातो. कुबडीचा आवाज आला असा त्यांना भास व्हायचा आणि ते आत जाऊन खिळ्यावरची लॉकं उगाच मापानं लावत बसायचे. लोक यायचे, म्हणायचे, "सुगतचं वाईट झालं. पोट्ट्यानं घाई केली." नत्थुजी 'हं' म्हणायचे.

पौषात एक दिवस त्यांनी लॉकची पक्कड फडक्यात गुंडाळली आणि दीपमालाच्या डब्यात ठेवून दिली. "आजपासून तूच," एवढंच म्हणाले. ते नट खोलायचे, ग्रीस भरायचे, हवा मारायचे. लॉकचं काम आलं की स्वतःच बाहेर जाऊन बसायचे.

हरभरा सोंगायला आला तेव्हा रागिणी आली. सुगतची धाकटी बहीण. अमरावतीला कॉलेजात होती. ते अर्धं सोडून आली होती. तिनं मोटरसायकलवरून सेकंडहँड घेतलेला दुसरा शाफ्ट आणि नवा क्रॉस उतरवला आणि आत आली. दारात बसलेल्या नत्थुजींना तिनं मान हलवली, पण बोलली दीपमालाशी.

"थ्रेशर यंदा मी चालवते, ताई. नाईतं घर कशावर चालन? हे बसवून दे."

"तू चालवशीन?"

"काहून, तू नाई का मशिनीखाली झोपत?"

दीपमाला हसली. कितीतरी दिवसांनी शेडमध्ये कोणी हसलं. तिनं वाईसमध्ये शाफ्ट धरला. कप उघडून सुया दाखवल्या, ग्रीस भरलं, दाबून बसवला. फडकं धरून पकडीनं पहिलं लॉक घातलं. टक्‌ असा कोरडा आवाज आला.

"कसा हाय सुगत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"जसा होता तसाच." रागिणी जवळच्या टायरवर बसली. "रोज एकच. म्हनते, मीच मरासाठी तिकडून गेलो. पलीकडून गेलो असतो तं काई झालं नसतं. दोन दिवसांपासून जेवतबी नाई. आन् माय म्हनते, मीच त्याले घाई लावली, नागपूर-नागपूर करून. तिनं तं दीक्षाभूमीचं नावच काढनं सोडलं. दोघंबी एका घरात बसून आपापलं पाप मोजून राह्यले."

दारात नत्थुजींच्या हातातली बिडी विझली होती. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

चौथं लॉक बसलं. दीपमाला म्हणाली, "ये इकडं. तुले मशीन चालवाची हाय तं हे शिकून घे. ह्या कानाले नख लाव. हां. आता रेट."

रागिणीनं रेटलं. "सरकलं."

"सरकाले पाह्यजे. चारीबी रोज सकायी रेटून पाहाचे. फिरलं तं बसलं. अडलं तं बसलं नाई, मग किती का घट्ट दिसना. तसं मशीन चालू नोको करू."

रागिणीनं दुसरं फिरवून पाहिलं. तिसरं, चौथं. मग तिचं नख चौथ्यावरच थांबलं. तिनं हळूच मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. तिथं बसलेल्या माणसाचा चेहरा उजेडाच्या विरुद्ध होता.

"काका," ती म्हणाली. "त्या दिवशी फिरलं होतं काय?"

दीपमालाचा हात वाईसच्या दांड्यावर तसाच राहिला.

नत्थुजी भिंतीला धरून उठले. धुक्यातून त्यांना एक पोरगी दिसत होती, तिचे डोळे दिसत नव्हते.

"नाई," ते म्हणाले. "फिरलं नाई. मले समजलं होतं. मले दिसत नाई, बाई. उन्हायापासून दिसत नाई. सुगतची चूक नाई. तुह्या मायचीबी नाई."

रागिणीनं वाईसचा दांडा स्वतःच सैल केला, शाफ्ट काढून खांद्यावर घेतला आणि बाहेर नेऊन मोटरसायकलवर बांधला. दोरीची गाठ तिला नीट जमेना. दीपमाला मदतीला निघाली, तर तिनं हातानंच तिला अडवलं.

गाठ पडली. तेव्हा ती परत दारापर्यंत आली आणि नत्थुजींपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"हे दादाले तुमी सांगा," ती म्हणाली. "मी नाई सांगत. बसा मागं."

नत्थुजींनी पायांनी चपला चाचपल्या. एक सापडली, दुसरी सापडेना. दीपमालानं ती पुढं सरकवली. ते मोटरसायकलपाशी गेले, हातानं सीट शोधली आणि शाफ्टला धरून रागिणीच्या मागं बसले.